आमसुली रंगाची गाडी

आमच्या कारखान्यांच्या पट्ट्यात आठवड्याची सुट्टी गुरुवारी असते. बाकीचं जग रविवारी उशिरा उठतं, आम्ही गुरुवारी. गेल्या वर्षी पावसाळा संपला तेव्हापासून माझे सगळे गुरुवार एका गाडीनं खाल्ले. पिंपळे गुरवमधल्या आमच्या घराच्या पार्किंगमध्ये ती विटांच्या थप्प्यांवर चढवून ठेवली होती. चाकं एका कोपऱ्यात, दारं भिंतीला टेकवलेली, बॉनेट जुन्या सतरंजीवर आडवं. समोरच्या बंगल्यातल्या काकू रोज फिरायला जाताना थांबायच्या आणि ही अशी उघडी किती दिवस राहणार, असं अशा सुरात विचारायच्या की जणू मी घरात एखाद्याला आंघोळ घालायची विसरले आहे.

मी चाकणच्या एका कंपनीत गाड्यांचा रंग तपासते. रंगवलेली गाडी भट्टीतून बाहेर येते, पांढऱ्याशुभ्र दिव्यांखालून हळूहळू सरकत आमच्यापाशी पोचते, आणि मी मोजा घातलेला हात तिच्या अंगावरून फिरवत दोष शोधते. कुठे धुळीचा कण अडकलेला असतो, कुठे ओघळ आलेला असतो, कुठे संत्र्याच्या सालीसारखा खडबडीतपणा असतो. दोष सापडला की त्याच्याभोवती खडूनं गोल काढायचा आणि गाडी परत पाठवायची. अर्धं आयुष्य मी लोकांच्या कामाला नाही म्हणण्यात घालवलं आहे आणि त्याचा मला पगार मिळतो. नवरा म्हणतो, हा खडू कंपनीतच ठेवून येत जा, माझ्या पोळ्यांभोवती तरी गोल काढू नकोस. पोळ्या तो करतो, आणि त्यांना कडेला जाड राहायची सवय आहे, हे मी इथे नोंदवून ठेवते.

विटांवर चढवलेली ती गाडी अप्पांची, म्हणजे माझ्या वडिलांची. कंपनीचं नाव सांगत बसत नाही. गोल दिवे, चार दारं, गिअरची दांडी स्टिअरिंगच्या बाजूला. ज्यांनी पाहिली आहे त्यांना एवढ्यावरून कळेल.

अप्पा लातूरच्या पुढच्या एका गावातून आयटीआय करून पिंपरीत आले आणि एका कंपनीच्या टूलरूममध्ये चिकटले. आई रत्नागिरीकडची. हे लग्न कसं जुळलं असं विचारलं की दोघंही एकमेकांकडे बोट दाखवायची. अप्पांच्या शेजारच्या मशीनवर आईचे मामा काम करायचे, एवढंच मला कळलेलं आहे. दापोडीला रेल्वेलाईनच्या कडेला दोन खोल्यांत आमचा संसार होता आणि त्या दोन खोल्यांत दोन तऱ्हेची मराठी नांदत होती. अप्पा "येऊलालो", "करूलालो" म्हणायचे. आई रागावली की तिच्या बोलण्याला हेल यायचा, आणि मग अप्पा मुद्दाम तोच हेल काढून तिला अजून चिडवायचे. आमटीवरून तर कायमचं भांडण. अप्पांना चिंच लागायची, आईला कोकम. शेवटी तह झाला, एक दिवस चिंचेची, एक दिवस कोकमाची. कोकमाच्या दिवशी अप्पा भातावर आमटी न घेता दही मागून घ्यायचे.

मी दुसरीत असताना अप्पांनी कंपनीतल्या एका साहेबांची जुनी गाडी घेतली. आमच्या गल्लीत तेव्हा सायकलींची संख्याही फार नव्हती. गाडी काळी होती. अप्पांनी ती कौतुकानं दारात आणून लावली आणि आई उंबऱ्यातूनच म्हणाली की काळी गाडी माझ्या दारात नको. अप्पा देवाधर्माचं फारसं मानायचे नाहीत, पण आईचं मानायचे. मग कुठला रंग पाहिजे ते सांग, असं त्यांनी विचारलं. आईनं क्षणभर विचार केला आणि आमसुली असं सांगितलं. अप्पा बरं म्हणाले आणि गाडी पुसायला लागले.

पुढे बऱ्याच दिवसांनी एका संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी हॉर्न वाजला आणि तो थांबेचना. सगळी गल्ली बाहेर आली. अप्पा गाडी चालवत होते, आणि गाडी आता एका वेगळ्याच रंगाची होती. बदामी म्हणावी तर जरा मातकट, खाकी म्हणावी तर जरा उजळ. चहात बुडवलेल्या बिस्किटाचा असतो तो रंग. संध्याकाळचं ऊन तिच्यावर पडलं होतं आणि ती मला इतकी सुंदर दिसली की मी पुढे जाऊन तिला गालच लावला. रंगाचा वास अजून ताजा होता. अप्पा उतरले, आईकडे बघून म्हणाले, "बघ की, आमसुली. म्हणली होतीस ना?" आई म्हणाली, "हो. छान झालाय."

त्या दिवसापासून ती आमची आमसुली गाडी. आम्हीच नाही, सगळी गल्ली तसं म्हणायची. कुणाच्या मुलीला बघायला पाहुणे यायचे असले की स्टेशनवरून आणायला आमसुली गाडी. कुणाचं बाळंतपण अडलं की आमसुली गाडी. खंडेनवमीला अप्पा कंपनीतल्या मशीनची पूजा करून यायचे आणि मग घरी गाडीची करायचे. झेंडूचा हार, हळदकुंकू, चाकाखाली लिंबू. आई गाडीभोवती रांगोळी काढायची आणि बॉनेटवर हात ठेवून एक क्षण डोळे मिटायची. मला वाटायचं, आईला ही गाडी माझ्याइतकीच आवडते.

गुरुवारी गाडी धुवायची. अप्पा बादलीनं पाणी मारायचे आणि मी फडकं फिरवायचे. ते म्हणायचे, डोळे मिट आणि नुसता हात फिरव, डोळे फसवतात. मी डोळे मिटून मडगार्डवरून हात फिरवायचे आणि कुठे खडा लागून टवका उडालाय, कुठे पत्रा किंचित आत गेलाय, ते सांगायचे. बरोबर निघालं की ते खूश व्हायचे. आज कंपनीत नव्या पोरींना मी हेच शिकवते. गुरुवार संपत आला की अप्पा आम्हाला तळेगावच्या बाजूला फिरायला न्यायचे. तेव्हा रस्त्याच्या दोन्ही अंगांना शेतं होती. मी मागच्या खिडकीतून हात बाहेर काढून दाराच्या पत्र्यावर ठेवायचे. उन्हानं तापलेला तो बिस्किटी पत्रा, ती ऊब, ती अजून माझ्या तळहातात आहे. माझं बालपण कुठल्या रंगाचं होतं असं कुणी विचारलं तर मी बिनदिक्कत सांगितलं असतं, आमसुली.

आणि एकदा सांगितलंही. माझ्या लग्नाच्या खरेदीची गोष्ट आहे. पिंपरी बाजारात एक मॅचिंग सेंटर होतं, ब्लाउजपीस आणि फॉल मिळायचे तिथे. भिंतभर कप्पे आणि प्रत्येक कप्प्यात एका रंगाच्या दहा छटा. माझ्याजवळ एक फिकट बदामी साडी होती. मी ती काउंटरवर टाकली आणि यावर आमसुली ब्लाउजपीस द्या म्हणाले. दुकानदारानं वरच्या कप्प्यातून काळपट तांबडा, जांभळ्याकडे झुकणारा कपडा काढून समोर टाकला. मी म्हणाले, हा नव्हे, आमसुली. तो म्हणाला, ताई, हाच आमसुली. मी म्हणाले, तुम्हाला रंग कळत नाहीत तर दुकान कशाला टाकलंय. तो बिचारा तीन-तीन गठ्ठे काढून दाखवत होता आणि मी त्याला आमच्या गाडीचा दाखला देत होते. दुकानातल्या चार बायका वळून बघायला लागल्या. आई शेजारीच उभी होती. तिनं माझा हात धरला आणि हळूच म्हणाली की अगं, वेगवेगळ्या दुकानांत वेगवेगळं म्हणतात, चल. तो काळपट कपडा मात्र तिनं जाता जाता दोन बोटांत धरून पाहिला. मी रागाच्या भरात पुढे निघून गेले होते, तरी ते माझ्या लक्षात राहिलं आहे.

निवृत्त झाल्यावर अप्पांनी तळेगाव दाभाड्याला लहानसं घर बांधलं. गाडी तिथे पत्र्याच्या शेडमध्ये उभी राहायला लागली. आधी रोज बाहेर निघायची, मग गुरुवारीच, मग नुसतीच सुरू करून बंद व्हायची. अप्पा गेले तेव्हा तिच्यावर निळी ताडपत्री होती आणि आत उंदरांनी सीटचा काथ्या उपसून ठेवला होता. आई माझ्याकडे राहायला आली. तळेगावचं घर बंद केलं तेव्हा भंगारवाला गाडीला प्रदक्षिणा घालून गेला. परत आल्यावर आई मला म्हणाली की गाडी देऊ नकोस, मला एकदा ती नवी झालेली बघायची आहे. आईनं माझ्याकडे काही मागितल्याचं मला दुसरं उदाहरण आठवत नाही. त्यामुळे ती गाडी नवी करायची, आणि आई धडधाकट असतानाच करायची, हे मी तिथल्या तिथे ठरवून टाकलं.

क्रेनला लटकून गाडी पिंपळे गुरवला आली. माझा नवरा चाकणजवळच्या गावातला, शेतकऱ्याच्या घरातला. त्यानं तिच्याभोवती फिरून बॉनेटवर टिचकी मारली आणि म्हणाला, "ही गाडी न्हाई, चाळण हाय." मी म्हणाले की चाळण तर चाळण, तू ट्यूबलाईट लावून दे. दिली त्यानं. वेल्डिंगसाठी एक माणूस दोन-तीनदा येऊन सडलेला पत्रा कापून नवे तुकडे जोडून गेला. बाकीचं सगळं मी केलं. गंज घासला. जुनी लांबी उकरली. लांबी म्हणजे पत्र्याचे खड्डे बुजवायचा लगदा. तो कुणी इतका जाड थापला होता की मागच्या दाराखालून बोटभर थर निघाला. मग पुन्हा पातळ लांबी भरायची, वाळू द्यायची, ओला पॉलिशपेपर मारायचा, हात फिरवायचा, पुन्हा भरायची. आठवडाभर मी दुसऱ्यांच्या गाड्यांत दोष काढायचे आणि गुरुवारी स्वतःच्या. माझी सहनशक्ती फार नाही. एकदा डाव्या मडगार्डवरचा उंचवटा काही केल्या जाईना तेव्हा मी पेपर फेकून दिला आणि मडगार्डला एक शिवीही दिली. आई दारात खुर्ची टाकून बसलेली असायची. तिनं पेपर उचलून माझ्या हातात दिला आणि आत चहा करायला गेली.

गाडी अस्तराच्या करड्या रंगात आली आणि रंगाचा प्रश्न उभा राहिला. बाहेरचा जुना रंग उन्हानं पार विटला होता. पण पेट्रोल भरायच्या तोंडावरचं छोटं झाकण असतं, त्याच्या आतल्या बाजूला ऊन कधी पोचत नाही. मी ते उघडलं, मऊ फडक्यानं पुसलं, आणि माझी दुसरी इयत्ता माझ्याकडे बघायला लागली. तोच रंग, जसाच्या तसा. मला रडू आलं हे सांगायला मला लाज वाटत नाही. झाकण काढून मी रंग मिसळून देणाऱ्या दुकानात गेले. दुकानदारानं ते यंत्राखाली धरलं आणि शेडचं नाव काय लिहू असं विचारलं. मी म्हणाले, आमसुली. तो हसला. म्हणाला, मॅडम, हे बिस्किट आहे. मॅचिंग सेंटरमधला राग इतक्या वर्षांनी माझ्या नाकाच्या शेंड्यावर परत आला. मी त्याला सांगितलं की नाव काय ते मला माहीत आहे, तुम्ही रंग बनवा.

रंग बरोबर बनला होता, अगदी हुबेहूब. मी पत्र्याच्या एका तुकड्यावर तो मारून वाळवला आणि स्वयंपाकघरात आईपुढे धरला. आई सोलकढी करत होती. कोकमं पाण्यात भिजत घातलेली होती आणि पाणी लालजांभळं झालं होतं.

"बघ, सापडला," मी म्हणाले. "आमसुली. तोच आहे ना?"

आईनं पत्र्याकडे पाहिलं. मग वाटीतलं एक भिजलेलं कोकम उचललं आणि माझ्या पत्र्याच्या मधोमध ठेवलं. त्यातून एक लाल ओघळ निघून बिस्किटी रंगावरून खाली आला.

"हा आमसुली," ती म्हणाली. "याला दुकानात आमसूल म्हणतात. तुझ्या हातात आहे तो रंग काय आहे, ते मला आजपर्यंत कळलेलं नाही."

मी हसले. मला वाटलं ती चेष्टा करते आहे. तिनं हात पुसले आणि शेजारी भात शिजत होता त्याचा गॅस बारीक केला, आणि मग मला सगळं सांगितलं.

कोकमाला आमच्या घरात कायम कोकमच म्हणायचे. आमसुली हा तिच्या लेखी साड्यांच्या दुकानातला रंग. अप्पांना साड्यांच्या दुकानातलं काही कळायचं नाही आणि त्यांच्या गावात आमसूल कुणी पाहिलेलं नव्हतं. पण बायकोला विचारायचं तर फजिती. म्हणून ते दापोडीच्या किराणा दुकानात गेले. दुकानदार मारवाडी. अप्पांनी त्याच्याकडे थोडं आमसूल मागितलं आणि त्याला ऐकू आलं आमचूर. त्यानं वाळक्या कैरीच्या भुकटीची पुडी बांधून दिली. अप्पा ती खिशात घालून गॅरेजमध्ये गेले, रंगाऱ्यापुढे उघडली आणि अगदी असाच रंग पाहिजे म्हणाले. ती पुडी त्यांच्या शर्टाच्या खिशातच राहिली. गाडी घरी आली त्याच्या दुसऱ्या दिवशी आईनं शर्ट धुवायला घेतला तेव्हा तिला ती सापडली. तिनं ती हुंगली आणि काय झालं असेल ते तिला कळलं.

"मग सांगितलं का नाहीस?" माझा आवाज चढला होता.

"काय सांगायचं? माहेरी मला कुणी कधी रंग विचारला नव्हता. साडी आणली की ती नेसायची. ह्यांनी विचारला. विचारला आणि वर तो शोधत बाजारभर फिरले. त्यांना मी म्हणू, चुकलंत?"

मी पत्रा ओट्यावर आपटला. मला खरंच संताप आला होता, आणि कशाचा आला होता हे मी तेव्हा तिला सांगू शकले नसते. आता सांगते. मी ज्या रंगाला गाल लावला होता, ज्याच्यासाठी दोन दुकानदारांशी भांडले होते, तो रंग ही एक चूक होती. सगळी गल्ली, सगळं घर ती चूक नावानिशी मिरवत होतं आणि ज्या एका माणसाला ती माहीत होती ते माणूस दर खंडेनवमीला तिला हळदकुंकू वाहत होतं. माझं काम नाही म्हणण्याचं, आणि माझ्या आईनं एका चुकीला जन्मभर हो म्हटलं होतं. मला तिची कीव आली, तिचा अभिमान वाटला, आणि तिला गदागदा हलवावंसंही वाटलं. हे सगळं एकाच वेळी होऊ शकतं हे मला त्या दिवशी कळलं.

नवऱ्याला सांगितलं तर तो आधी पोट धरून हसला. अप्पा रंगाऱ्यापुढे आमचुराची पुडी उघडून उभे आहेत, हे चित्र त्याच्या डोळ्यांपुढून हलेना. मग म्हणाला, "आता रंग कुठला मारनार?"

खरा प्रश्न तोच होता. माझ्याकडे हुबेहूब जुळवलेला रंग डबाभर तयार होता. जुनी गाडी नवी करायची म्हणजे ती होती तशी करायची, असं मी आयुष्यभर मानत आले आहे. आणि ती होती बिस्किटी. मला ती बिस्किटीच हवी होती. त्या रंगाशिवाय ती अप्पांची गाडी मला वाटणार नव्हती. पण गाडी नवी झालेली बघायची होती आईला. अप्पा गेल्यावर तिनं मागितलेली ही एकच गोष्ट. मी तिला विचारलं की कुठला रंग लावू. ती म्हणाली की गाडीवर मेहनत तुझी, तू ठरव. मी म्हणाले, असं चालणार नाही. ती म्हणाली, तुला तो आवडतो, तोच लाव, मला चालेल. हे 'मला चालेल' आता माझ्यानं ऐकवेना. पुढचे दोन गुरुवार गाडी तशीच करडी उभी राहिली. मी तिच्याकडे हातही नेला नाही. आई दारातल्या खुर्चीत बसायची आणि मी आत टीव्ही लावून बसायचे. आम्ही दोघी हट्टी आहोत. फक्त तिचा हट्ट आवाज करत नाही.

शेवटी एके सकाळी मी कामावर निघताना ती बसस्टॉपपर्यंत माझ्याबरोबर आली. भाजी घ्यायची आहे म्हणाली, पण पिशवी घ्यायची विसरली होती. कंपनीची बस वळणावर दिसली तेव्हा ती रस्त्याकडे बघत म्हणाली, "आमसुली लाव. खरा."

मी बसमध्ये चढले आणि चाकण येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिले. बिस्किटी रंग आता मला कुठेच दिसणार नव्हता. खूप वाईट वाटलं. आणि त्याहून जास्त हलकं वाटलं.

नमुना म्हणून आईनं स्टीलच्या डबीत भिजलेली कोकमं घालून दिली. रंगाच्या दुकानदारानं डबी उघडून पाहिली, माझ्याकडे पाहिलं, आणि पुढच्या वेळी आमटीच घेऊन या म्हणाला. ओल्या कोकमापुढे यंत्र चालेना, म्हणून तो डोळ्यानं जुळवून ठेवतो म्हणाला. डबी त्याच्याकडे ठेवून मी आले. रंग दोन दिवसांनी मिळाला. डबा उघडला तर गडद, खोल, काळपट तांबडा. मला तो बरोबर वाटला. मॅचिंग सेंटरमधल्या त्या माणसाची मी मनातल्या मनात माफी मागितली, अर्थात थोडीशीच, कारण बोलला तोही जरा उर्मटपणेच होता.

रंग मारायच्या गुरुवारी पार्किंगला चारही बाजूंनी प्लॅस्टिक लावलं. धूळ बसावी म्हणून जमिनीवर पाणी मारलं. नवऱ्यानं भाड्यानं कॉम्प्रेसर आणला होता. पेट्रोलच्या झाकणाची आतली बाजू मी कागद चिकटवून झाकली. तिथला तळहाताएवढा बिस्किटी रंग मी तसाच राहू दिला आणि त्याबद्दल कुणाला विचारलं नाही. मग तोंडाला मास्क लावून पहिला पातळ हात मारला, थांबले, दुसरा मारला, थांबले, तिसरा मारला. हात सरळ रेषेत न थांबता चालवायचा असतो. अप्पांनी बादलीपाशी शिकवलेला हात होता, चांगला चालला. वाळल्यावर दिव्याखाली बघितलं तर कुठे ओघळ नव्हता, कण नव्हता. कंपनीत आली असती तर मी तिला एकाही गोलाशिवाय पुढे जाऊ दिली असती. हे मी माझ्याच कामाबद्दल म्हणते आहे, म्हणजे ते किती चांगलं असेल याचा अंदाज करा.

चाकं, दारं, बॉनेट लावून, प्लॅस्टिक काढून आम्ही गाडी उन्हात ढकलली आणि आईला बोलावलं. ती इस्त्रीची साडी नेसून बाहेर आली. गाडीपाशी आली. मागून पुढे गेली, पुढून मागे आली. बॉनेटवर हात ठेवला. समोरच्या काकू फाटकाशी उभ्या राहून वा वा म्हणाल्या, नवऱ्यानं फोनवर फोटो काढला. मग ती माझ्याकडे वळली. तिचं तोंड 'छान' म्हणायला उघडतं आहे हे मला दिसलं. तोच चेहरा मी दुसरीत असताना पाहिला असणार, फक्त तेव्हा मला तो वाचता येत नव्हता. आता ती छान म्हणेल, आणि खरं काय ते मला कधीच कळणार नाही.

"हा नव्हे," आई म्हणाली.

नवऱ्यानं फोन खाली घेतला.

"हा वाळलेल्या आमसुलाचा झालाय. रंगवाल्याच्या दुकानात डबी सुकली असेल. मला ओल्याचा हवा होता. यात लाल कमी आहे." एवढं बोलून तिनं माझ्याकडे जरा घाबरून पाहिलं.

कंपनीत माझं काम कुणी परत पाठवलं असतं तर मी अख्खी शिफ्ट डोक्यावर घेतली असती. इथे मी माझ्या आईला उन्हात, सगळ्यांसमोर, चांगल्या झालेल्या गोष्टीला नाही म्हणताना पाहत होते, आणि मला फार आनंद झाला. मी तिथेच बादली उपडी करून बसले. तिला विचारलं की मग रंग कुठून कुठून काढू, नुसतं बॉनेट परत करू की दारंही.

आई अजून एकदा गाडीभोवती फिरून आली. दारातली खुर्ची तिनं स्वतः ओढत आणली, माझ्या शेजारी मांडली आणि तिच्यात व्यवस्थित टेकून बसली.

"सगळाच काढ," ती म्हणाली.